पान चौदा: झरेवाडीचे कुंड

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाटणीत तुळजापूर उस्मानाबादकडे राहिलं, नळदुर्ग राहिलं, परांडाही राहिलं. लातूरच्या वाट्याला औसा-उदगीरचे किल्ले आले, खरोशाची लेणी आली आणि कलेक्टर कचेरीचा नवा कोरा बोर्ड आला. भूगोलाचे निवृत्त शिक्षक रेणुकादास निटूरकर यांना हे फार लागलं. भावाभावांच्या वाटणीत देवघर थोरल्याकडे जावं आणि धाकट्याला अंगण झाडायला मिळावं, तसं त्यांना वाटलं. जिल्ह्याला पाहण्यासारखं काही नाही असं कोणी म्हटलं की ते जेवणाच्या ताटावरूनसुद्धा उठून नकाशा काढत.

त्यांच्याकडे एक जुनी अँबॅसिडर होती. एका डॉक्टरांनी ती कंटाळून विकली होती आणि रेणुकादास साठाव्या वर्षी ती चालवायला शिकले होते. दर रविवारी सकाळी सहाला गाडी निघायची. पुढच्या सीटवर वही, होकायंत्र आणि थर्मास असे, त्यामुळे त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई मागे बसत. दोन वर्षं असे रविवार घालवल्यावर ‘लातूर जिल्हा: एका दिवसाच्या सहली’ हे चाळीस पानी पुस्तक तयार झालं. त्यात ‘समुद्र’ असंही एक प्रकरण होतं, कारण सहल म्हटलं की लोक समुद्राचं विचारतात. त्या प्रकरणात एकच वाक्य होतं: ‘जिल्ह्यात समुद्र नाही.’ रेणुकादास खोटं लिहिणारे नव्हते.

पुस्तक जिल्ह्याच्या वाढदिवसाला निघालं. प्रत्येक सरकारी कचेरीत एकेक प्रत गेली. पान चौदावर झरेवाडीचं कुंड होतं.

झरेवाडी म्हणजे मुरुडच्या पुढे सात मैलांवरचं गाव. तिथे ते दोघं मार्गशीर्षात गेले होते. दगडी पायऱ्यांचं चौकोनी कुंड होतं, तळाशी हिरवं पाणी होतं, काठावर महादेवाची देवळी होती. सरपंच अण्णाराव पटका बांधून हजर झाले. त्यांनी सांगितलं, सात बाजांची सुंभं एकाला एक बांधून सोडली तरी तळ लागला न्हाई. रेणुकादासांनी विचारलं, पाणी बारमाही आहे का? अण्णाराव म्हणाले, ‘‘पिढ्या गेल्या, आटलं न्हाई. बहात्तरला बी न्हाई.’’ मागे गावचा कोतवाल केरबा उभा होता. तो खोकला. रेणुकादासांनी लिहून घेतलं.

परतताना सौदामिनीबाई मागून म्हणाल्या, ‘‘काठाच्या दगडावर दोराचा एकही वण नाही हो. पाणी शेंदतात तिथे दगड घासलेला असतो.’’

‘‘ते लिहिण्यात येत नाही,’’ रेणुकादास म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.

पुस्तकात छापून आलं: ‘बहात्तरच्या भीषण दुष्काळातही हे कुंड आटले नव्हते. सहकुटुंब सहलीसाठी उत्तम.’

पुढची दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात, एका सकाळी, केरबा कोतवाल निटूरकरांच्या दारात आला. एस.टी.तून उभ्यानं आला होता. सौदामिनीबाईंनी पाणी दिलं. तो तांब्या दोन्ही हातांनी धरून सगळा प्याला, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. झरेवाडीचा टँकर बंद झाल्याचं पत्र होतं. कारण म्हणून खाली लिहिलं होतं, ‘सोबत जोडलेले पान पाहावे.’ सोबत पान चौदा जोडलं होतं.

रेणुकादासांनी ते दोनदा वाचलं. छापलेलं आपलं वाक्य सरकारी पत्राला टाचलेलं पाहून त्यांना क्षणभर जे वाटलं, ते अभिमानाच्या जवळचं होतं. त्याची लाज त्यांना पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

‘‘म्हणजे कुंड आटलंय?’’

‘‘दर साली आटतं. संक्रांत झाली की कोरडं.’’

‘‘आणि बहात्तरला?’’

‘‘बहात्तरला त्याच्या तळाची खडी काढली आम्ही, दुष्काळी कामावर. त्याच्या आधी आमच्या माणसाला पायरीवर बी येऊ देत न्हवते. बहात्तरला पार तळात उतरवलं. तवा कळलं, बारा फूट हाय.’’

‘‘मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मागेच उभा होतास.’’

‘‘मी मागं हुतो. तुम्ही म्होरच्याला इचारलं.’’

रेणुकादासांनी चष्मा पुसला. सरपंचांनी असं का सांगावं, हे त्यांना कळेना. केरबानं ते सोपं करून सांगितलं. बिनपाण्याच्या गावात कोणी पोरगी देत नाही. झरेवाडीत सुना आल्या त्या कुंडाच्या नावावर आल्या. म्हणून कुंड आटतं हे झरेवाडीचं माणूस बाहेर बोलत नाही, मग ते कोणत्याही आळीचं असो. सरपंचांचा मुलगा मन्मथ अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. चैत्रात त्याचं एक स्थळ ठरत आलं होतं, पण पाहुणे आले त्याच वेळी वेशीत टँकर उभा होता. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

‘‘मग टँकर बंद झाला तर सरपंचांना बरंच आहे.’’

‘‘त्यांना असंल. मला त्यांनी न्हाई धाडलं.’’

‘‘मग कोणी?’’

‘‘त्यांच्या मंडळींनी. शरणम्मांनी. तीन मैलांवरून पानी आणून राहिल्यात बाया. म्हणल्या, ज्यानं लिवलं त्याला जाऊन सांग.’’

ज्यानं लिहिलं तो उठला, त्यानं कोट घातला आणि थेट टंचाईचं काम पाहणाऱ्या वसंतराव साहेबांकडे गेला. मी चुकीचं लिहिलं, पान रद्द करा, असं रेणुकादासांनी उभ्याउभ्याच सांगितलं. आयुष्यात त्यांनी मुलांच्या हजारो चुका दुरुस्त केल्या होत्या, स्वतःची ही पहिलीच. वसंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण छापलेलं पान तोंडी रद्द होत नसतं. त्याला स्थळपाहणी लागते, स्थळपाहणीला जीप लागते आणि जिपा सगळ्या बाहेर होत्या.

‘‘माझी गाडी आहे,’’ रेणुकादास म्हणाले. ‘‘येत्या रविवारी चला.’’

वसंतरावांनी पुस्तक उघडून पान चौदा पाहिलं. ‘‘सहकुटुंब सहलीसाठी उत्तम, असं लिहिलंय तुम्ही.’’

‘‘हो, पण ते...’’

‘‘जिल्हा झाल्यापासून आमच्या मंडळी म्हणतायत, कुठे नेलं नाही म्हणून. त्याही येतील.’’

रेणुकादासांनी केरबाला निरोप दिला: रविवारी सकाळी नऊला साहेब येतात, कुंड जसं आहे तसं दाखवायचं. अण्णारावांनी उलट निरोप पाठवला की रविवारीच दुपारी तीनला कंधारकडचे पाहुणे घर पाहायला येणार आहेत. पुढे गुरूचा अस्त लागतो, त्यामुळे दिवस बदलता येत नाही. पण हरकत न्हाई. साहेबांनी नऊला कोरडं कुंड पाहावं, दहाला परत जावं. पुढचं आम्ही बघून घेऊ.

पुढचं काय, हे रेणुकादासांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची सवय होती, पण चुकीच्या वेळी.

रविवारी सहाची गाडी आठला निघाली, कारण वसंतरावांच्या मंडळी इंदूताई पुऱ्या तळत होत्या. पुढच्या सीटवरचं होकायंत्र मागे गेलं आणि वसंतराव पुढे बसले. मागे सौदामिनीबाई, इंदूताई, पुऱ्यांचा डबा, बटाट्याची भाजी, सतरंजी आणि बदलायचे कपडे. कुंड आहे म्हटल्यावर साहेबांनी पंचा आणि साबणही घेतला होता. स्थळपाहणी कशासाठी आहे हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी घेतला होता.

मुरुडच्या अलीकडे गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली आणि रेणुकादासांनी गाडी रस्त्याकडेच्या बाभळीखाली घेतली. रेडिएटरला एक घागर पाणी लागणार होतं. ते मिळवायला ते तीन वस्त्यांवर गेले. पहिल्या वस्तीवर माणसांनी त्यांना चहा दिला, पण पाणी दिलं नाही. दुसऱ्या वस्तीवर एका म्हातारीनं गाडी काय काम करते असं विचारलं. सहलीला निघालोय म्हटल्यावर तिनं घागरीवर झाकण ठेवलं. तिसऱ्या वस्तीवर अर्धी घागर मिळाली, तीही जनावरांची. तोपर्यंत बाभळीखाली सतरंजी अंथरून पुऱ्या संपल्या होत्या, आणि वसंतराव तोंडावर पुस्तक ठेवून झोपले होते. रेणुकादास घड्याळ पाहत होते आणि मनातल्या मनात अण्णारावांचं वेळापत्रक मांडत होते. ते कसंही मांडलं तरी जुळत नव्हतं.

अँबॅसिडर झरेवाडीच्या वेशीत शिरली तेव्हा तीन वाजले होते. समोरून एक भाड्याची जीप आत वळत होती. तीत कंधारकडचे पाहुणे होते.

कुंडात पाणी होतं.

गढूळ होतं, पण पाणी होतं, आणि वैशाखातल्या उन्हात ते चकाकत होतं. अण्णारावांनी नऊपासून साहेबांची वाट पाहिली, बारा वाजता आशा सोडली आणि मुरुडच्या एका बागायतदाराकडून आणवलेले दोन टँकर कुंडात रिकामे करवले. काठावर केरबा कोतवाल काठी घेऊन उभा होता. त्याच्या पलीकडे गावातल्या पन्नासेक बाया रिकाम्या घागरी घेऊन ओळीनं बसल्या होत्या. पाहुणे जाईपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. बाया नुसत्या पाण्याकडे पाहत होत्या.

मुलीचे वडील संगअप्पा जिपेतून उतरले, कुंडाकडे गेले आणि खाली वाकून पाहू लागले. त्यांचा चेहरा उजळला. अण्णाराव हात जोडून शेजारी उभे होते. मन्मथ नवा सदरा घालून जरा मागे उभा होता आणि कुठे पाहावं हे त्याला कळत नव्हतं.

‘‘ऐकलं होतं तसंच हाय,’’ संगअप्पा म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं वसंतराव आले. त्यांनी पाणी पाहिलं, हातातलं पुस्तक पाहिलं, पुन्हा पाणी पाहिलं. ‘‘निटूरकर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच आहे की.’’ मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पॅडवर लिहायला सुरुवात केली.

हे पाणी ओतलेलं आहे, एवढंच रेणुकादासांना सांगायचं होतं. त्यासाठीच ते आले होते. पण समोर मन्मथ उभा होता आणि त्याच्याशेजारी अण्णाराव होते. अण्णारावांचे हात आता पाहुण्यांकडे जोडलेले नव्हते, रेणुकादासांकडे होते. बोलावं तर एका घराचं लग्न मोडतं, न बोलावं तर गावाचं पाणी जातं. पस्तीस वर्षं वर्गात सतत बोललेला माणूस काठावर गप्प उभा राहिला. मागून सौदामिनीबाई हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, बोला.’’

मग बायांच्या ओळीतून एक बाई उठली. उंच, काटक, केस अर्धे पांढरे. हातात घागर. केरबानं काठी बाजूला केली. त्यावरून ती शरणम्मा, सरपंचांची बायको, हे रेणुकादासांनी ओळखलं.

ती पायऱ्या उतरू लागली. अण्णाराव म्हणाले, ‘‘आगं, पाहुणे हायत.’’ ती थांबली नाही. शेवटच्या पायरीवरून तिनं पाण्यात पाय टाकला. सात बाजांच्या सुंभांना तळ न लागलेल्या त्या कुंडात ती लुगड्यासकट चालत मधोमध गेली आणि उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं.

‘‘लिवा सायेब,’’ ती म्हणाली. ‘‘गुडघाभर. बारा वाजता टाकलंय, दोन टँकर. हे पाहुण्यांला दाखवायचं पानी हाय. प्यायचं न्हाई.’’

वसंतरावांनी टोपण पेनला परत लावलं.

शरणम्मा वर पाहत म्हणाली, पण आता ती संगअप्पांशी बोलत होती. ‘‘मलाबी असंच दाखवलं हुतं. तीस वर्सं झाली. श्रावणात आणलं माझ्या बापाला, भरून वाहून राहिलं हुतं. त्यानं हात घातला, डोळ्याला लावला, हाव म्हणला. फाल्गुनात मी घागर घिऊन आले तर खाली दगड. मला वाटलं, वाट चुकले. तीस वर्सं कोणाला सांगितलं न्हाई. माहेरी बी न्हाई. बाप मरस्तोवर इचारायचा, पाण्याची काई तकलीफ न्हाई ना? मी म्हणायची, बिलकुल न्हाई.’’

अण्णाराव काठावर बसले. पटका बांधलेला असताना माणूस असा मातीत बसत नाही, पण ते बसले. बायकोचं हे बोलणं ते बहुधा पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यांच्याकडे पाहणं रेणुकादासांना अवघड गेलं. जे आपण बोलायला हवं होतं ते बोलायला या बाईला पाण्यात उतरावं लागलं, याची त्यांना मनापासून शरम वाटली.

शरणम्मानं घागर बुडवली, भरली आणि डोक्यावर घेतली. ओळीतल्या बायांना तेवढं पुरलं. पन्नास बाया एकदम उठल्या. ढकलाढकली नाही, ओरडा नाही, ओळीनं उतरल्या आणि ओळीनं चढल्या, पुन्हा उतरल्या. केरबा काठी टेकून बाजूला उभा होता. थोड्या वेळानं त्याची बायकोही त्याच ओळीत, त्याच पायऱ्यांवरून खाली गेली, तेव्हा तो खोकला. अर्ध्या तासात तळ दिसू लागला, आणि तळाशी बहात्तरच्या छिन्नीचे घाव दिसले.

वसंतरावांनी पेन पुन्हा उघडलं आणि पंचनामा पुरा केला. नियमानं जे दिसलं तेच लिहायचं असतं, म्हणून त्यांनी लिहिलं: ‘सदर कुंड पाहणी चालू असतानाच आटले. टँकर चालू करण्यास हरकत नाही.’ साबण आणि पंचा गाडीतून बाहेर निघालाच नाही.

संगअप्पा बराच वेळ काठाशी उभे होते. शेवटी म्हणाले, ‘‘आमच्याकडं बी हेच हाय. टँकर बी न्हाई.’’ मग मन्मथकडे पाहून, ‘‘पोरगा बरा वाटतो.’’

अण्णारावांनी मान वर केली. पण शरणम्मा ओलं लुगडं पिळत मध्ये आली. ‘‘तुमचं न्हाई इचारलं मी. पोरीला सांगा जाऊन. सगळं सांगा. ती काय म्हणते ते मग कळवा.’’

‘‘पोरीला काय इचारायचं?’’ संगअप्पा म्हणाले.

‘‘पानी ती आणणार हाय.’’

पाहुणे चहा घेऊन गेले. चहाचं पाणी त्याच घागरीतलं होतं.

टँकर मंगळवारपासून सुरू झाला. रेणुकादासांनी छापखान्यात जाऊन दुरुस्तीच्या कागदी पट्ट्या छापून घेतल्या, प्रत्येक कचेरीत जाऊन स्वतःच्या हातानं पान चौदावर डकवल्या, आणि पंधरवड्यानं एक पट्टी द्यायला झरेवाडीला गेले. या वेळी होकायंत्र मागे होतं आणि सौदामिनीबाई पुढे बसल्या होत्या. पाण्याच्या दोन कॅन घरूनच भरून घेतल्या होत्या.

अण्णारावांच्या ओसरीत शरणम्मा बसली होती. तिनं लुगड्याच्या ओच्यातून एक कार्ड काढून दिलं. कंधारहून आलं होतं. मन्मथनं तिला ते वाचून दाखवलंच होतं, तरी तिनं पुन्हा वाचायला लावलं. रेणुकादासांनी वाचलं: ‘सर्व हकीकत मुलीच्या कानी घातली. मुलगी तुमच्या मुलाबद्दल काही विचारत नाही. एवढंच विचारते की टँकर किती वाजता येतो. कळवावे.’

शरणम्मानं पदरानं डोळे पुसले आणि ते लपवलं नाही. ‘‘मला कोणी इचारू दिलं असतं, तर मी बी हेच इचारलं असतं,’’ ती म्हणाली. मग तिनं कोरं कार्ड पुढे केलं. ‘‘लिवा, मास्तर.’’

‘‘मन्मथ लिहील की. किंवा सरपंच.’’

‘‘कुंडाचं तुम्हीच लिवलं हुतं. आता हे बी तुम्हीच लिवा.’’

आत अण्णाराव खांबाला टेकून बसले होते. त्यांनी दौत पुढे सरकवली. रेणुकादासांनी स्वतःचं पेन काढलं, चष्मा नीट केला आणि ठळक अक्षरात पत्ता लिहिला. मग विचारलं, ‘‘काय लिहू?’’

‘‘लिवा. बारा वाजता येतो असं सांगत्यात.’’

त्यांनी लिहिलं.

‘‘येतो तीनला.’’

त्यांनी तेही लिहिलं. ‘‘आणखी?’’

शरणम्मानं बाहेर पाहिलं. वेशीकडे घागरींची रांग लागायला सुरुवात झाली होती.

‘‘कवा कवा येत बी न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘ते आधी लिवा.’’